नव्या लोको पायलटसाठी: रोस्टर वाचायचं कसं आणि विश्रांती राखायची कशी

लोको पायलटचं, म्हणजे रेल्वेगाडीच्या चालकाचं, प्रशिक्षण संपतं, पहिलं रोस्टर (ड्युट्यांचं वेळापत्रक) हातात पडतं आणि बहुतेक नवी मंडळी त्यात दोनच गोष्टी शोधतात: आठवड्याला तास किती आणि महिन्याला सुट्ट्या किती. दोन्ही आकडे बरे दिसले की जीव भांड्यात पडतो. मग दोन-तीन महिन्यांत घरचे म्हणायला लागतात, 'सुट्टी असली तरी तू असून नसल्यासारखाच.' रोस्टरमधले आकडे खोटे नसतात. फक्त जे मोजायला हवं ते कोणी मोजलेलं नसतं.

मोजायच्या असतात त्या रात्री. घरच्या अंथरुणात, सलग, मध्ये गजर न होता मिळालेल्या पूर्ण रात्री. रेल्वे कोणत्याही देशातली असो, गाडी लोकल असो, मेल असो की मालगाडी, चालकाच्या घरचं गणित जमतं किंवा बिघडतं ते या एका आकड्यावर. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत. पहिल्या तीन पायऱ्या रोस्टर मिळालं त्याच दिवशी करून टाका.

१. रोस्टर कोणत्या प्रकारचं आहे ते ओळखा

पहिला प्रकार लिंकचा. ठरावीक गाड्या ठरावीक क्रमाने बांधलेल्या असतात आणि चालक त्या क्रमातून एकेक ओळ पुढे सरकत जातो. शेवटची ओळ झाली की पुन्हा पहिली. बारा आठवड्यांची लिंक असेल तर बारा आठवड्यांनंतरच्या गुरुवारी तुम्ही कुठे असाल, हे आज सांगता येतं. वेळा कितीही आडनिड्या असल्या तरी त्या आधी कळतात, हा लिंकचा मोठा गुण.

दुसरा प्रकार स्पेअर किंवा स्टँडबाय. कोणी आजारी पडलं, रजेवर गेलं, गाडी उशिरा आली की ती जागा तुम्ही भरायची. काही ठिकाणी स्पेअरची ड्युटी किती तास मागेपुढे सरकवता येईल याला मर्यादा असते, काही ठिकाणी ती नावापुरती असते. ही मर्यादा किती, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. 'सकाळची स्पेअर' म्हणजे पहाटे चारही असू शकतं आणि नऊही.

तिसरा प्रकार कॉलचा, तो मुख्यतः मालगाड्यांवर. माल भरून झाला, इंजिन लागलं, मार्ग मिळाला की फोन येतो. भारतात हा कॉल साधारण दोन तास आधी मिळतो. अशा रोस्टरवर 'पुढच्या शनिवारी' या शब्दांना काही अर्थ नसतो.

नव्याच्या वाट्याला बहुधा दुसरा किंवा तिसरा प्रकार येतो, कारण चांगली लिंक ज्येष्ठतेने मिळते. यात तुमच्याविरुद्ध कोणाचा डाव नसतो. पण घरी सांगताना हे स्पष्ट सांगा की हा काळ काही वर्षांचा असू शकतो. 'एवढा महिना जाऊ दे' असं दर महिन्याला म्हणत राहिलात की पुढे तुमच्या खऱ्या तारखांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

२. नियमांचे तास वाचा, पण त्यांच्यावर विसंबू नका

प्रत्येक रेल्वेत तीन घड्याळं चालतात. एक ड्युटीचं, म्हणजे साइन ऑनपासून (कामावर हजर झाल्याची नोंद) साइन ऑफपर्यंत (काम संपल्याची नोंद). दुसरं दोन ड्युट्यांमधल्या विश्रांतीचं. तिसरं ठरावीक काळाने येणाऱ्या मोठ्या विश्रांतीचं. तिन्ही आकडे तुमच्या कराराच्या किंवा नियमाच्या कागदावर शोधून लिहून ठेवा.

हे आकडे देशागणिक किती बदलतात ते पाहा. भारतीय रेल्वेत ८ तास किंवा जास्त ड्युटी करून मुख्यालयी (चालकाच्या नेमणुकीच्या ठिकाणी) परतलं की १६ तास विश्रांती, ८ तासांहून कमी असेल तर १२ तास. शिवाय महिन्यात किमान ३० सलग तासांच्या चार किंवा २२ सलग तासांच्या पाच विश्रांती, आणि त्यात पूर्ण रात्र असली पाहिजे. युरोपात सीमा ओलांडणाऱ्या गाड्यांसाठी २००५ चा निर्देश आहे: घरी असताना २४ तासांत सलग १२ तास विश्रांती, बाहेरगावी किमान ८, प्रत्यक्ष गाडी चालवण्याची वेळ दिवसा ९ तासांपर्यंत, रात्री ८ पर्यंत, आणि वर्षाला चोवीस-चोवीस तासांच्या १०४ विश्रांती, ज्यांतल्या बारा जोड-विश्रांतींत शनिवार-रविवार यायलाच हवेत. अमेरिकेत ड्युटीला १२ तासांची मर्यादा आहे आणि २००८ च्या कायद्याने मालगाड्यांच्या चालकांची मधली विश्रांती सलग १० तासांची केली. त्या दहा तासांत ऑफिसने फोन करूनही अडथळा आणायचा नाही, असं तो कायदा म्हणतो. मला या सगळ्यांत हे कलम सर्वांत शहाणपणाचं वाटतं. विश्रांतीच्या मधोमध 'उद्या येऊ शकाल का' असा फोन आला की पुढचे तीन तास झोप लागत नाही, हे ज्याने अनुभवलं असेल त्याला हे पटेल.

ब्रिटनमधल्या मर्यादांमागे एक अपघात आहे. १२ डिसेंबर १९८८ ला लंडनमध्ये क्लॅफम जंक्शनजवळ गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि ३५ माणसं गेली. सिग्नलच्या वायरिंगमध्ये एक जुनी तार नीट न काढता तशीच राहिली होती. ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाने आधीच्या तेरा आठवड्यांत एकच दिवस सुट्टी घेतली होती. चौकशी करणारे अँथनी हिडन यांच्या १९८९ च्या अहवालानंतर तिथे रूढ झालेल्या मर्यादा अशा: एका पाळीला जास्तीत जास्त १२ तास, दोन पाळ्यांत किमान १२ तास, आठवड्याला ७२ तास, आणि १४ दिवसांत १३ हून जास्त पाळ्या नाहीत. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. चौदा दिवसांत एक सुट्टी मिळाली तरी नियम पाळला गेला.

म्हणून नियमातला आकडा म्हणजे त्याखाली जायचं नाही अशी रेघ. तेवढ्यात तुमचं भागेल, असं कोणी म्हटलेलं नाही. १२ तासांची विश्रांती घरात शिरल्यावर किती उरते, तेही मोजा. लॉबीतून (हजेरीच्या कार्यालयातून) बाहेर पडून घरी पोहोचायला एक तास, आंघोळ-जेवण एक तास, पुन्हा उठून तयारी आणि प्रवास मिळून दोन तास. उरले आठ. त्यांत मुलाशी दोन शब्द बोलायचे की झोपायचं, ते तुम्ही ठरवा.

३. पेन्सिल घ्या आणि रात्री मोजा

पूर्ण लिंक किंवा निदान चार आठवड्यांचं रोस्टर एका कागदावर उतरवा. मोबाईलवर नको, कागदावरच. सगळे आठवडे एका नजरेत दिसायला हवेत. मग चार खुणा करा. मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळातला काही भाग जिच्यात जातो, अशा प्रत्येक ड्युटीला गोल. सकाळी सहाच्या आधीच्या प्रत्येक साइन ऑनला फुली. बाहेरगावी काढायच्या प्रत्येक रात्रीखाली रेघ. आणि ज्या रात्री तुम्ही घरी अकराच्या आसपास झोपून सकाळी सहाच्या पुढे उठू शकता, त्यांवर बरोबरची खूण.

आता बरोबरच्या खुणा मोजा. त्याहून महत्त्वाचं, त्या लागोपाठ किती वेळा आल्यात ते पाहा. एकटीदुकटी रात्र शरीराला टेकू देते. लागोपाठच्या दोन रात्री मिळाल्या तर माणूस पुन्हा माणसांत येतो. महिन्यात अशी जोडी दोनदाही दिसली नाही, तर कागदावर सुट्ट्या कितीही असोत, हे रोस्टर जड जाणार.

कागदावरची सुट्टी आणि खरी सुट्टी यांत किती फरक असतो ते बघा. दोन चालक. दोघांच्याही रोस्टरवर बुधवारपुढे 'विश्रांती' लिहिलंय.

पहिल्याचं साइन ऑफ मंगळवारी दुपारी एकला आणि पुढचं साइन ऑन गुरुवारी दुपारी तीनला. मध्ये ५० तास. मंगळवारची रात्र घरी, बुधवारची रात्र घरी, गुरुवारची सकाळही त्याची. बँकेचं काम होतं, आईला डॉक्टरकडे नेता येतं, संध्याकाळी चार माणसांत बसता येतं.

दुसऱ्याची ड्युटी मंगळवारी रात्री साडेनऊला सुरू होऊन बुधवारी पहाटे साडेपाचला संपते. बऱ्याच ठिकाणी ड्युटी ज्या तारखेला सुरू झाली त्याच तारखेत धरली जाते, त्यामुळे बुधवार मोकळा दिसतो. पुढचं साइन ऑन गुरुवारी पहाटे पाचला. मध्ये साडेतेवीस तास. तो बुधवारी सकाळी सातला झोपतो, बाराच्या सुमारास जडावलेल्या डोक्याने उठतो. गुरुवारी साडेतीनला उठायचं म्हणून रात्री आठला दिवा मालवतो. पण दुपारपर्यंत झोपलेल्या माणसाला आठला झोप कुठली लागायला? त्याची 'सुट्टी' दुपारी बारा ते रात्री आठ, तीही अर्धवट शुद्धीतली. बरोबरची खूण एकही नाही.

वर्षाअखेरीस हिशेब लागतो तेव्हा दोघांच्याही नावावर एक-एक विश्रांती जमा असते.

मोठ्या विश्रांतीचा तीस तासांचा आकडाही असाच तपासून घ्या. शनिवारी रात्री दहाला साइन ऑफ केलं आणि ३० तास मिळाले तर सोमवारी पहाटे चारला पुन्हा हजर. रविवार पूर्ण मिळाला असं वाटतं, पण त्याच्या संध्याकाळी सातनंतर तुम्ही घड्याळाकडेच बघत असता. रोजची विश्रांती आणि मोठी विश्रांती एकात एक धरतात की एकापुढे एक जोडतात, हा प्रश्न चालकांच्या संघटना पुन्हा पुन्हा का लावून धरतात ते इथे कळतं. १६ आणि ३० जोडले की ४६ होतात, आणि त्याच शनिवारी रात्री दहाला सुटलेला माणूस सोमवारी रात्री आठला कामावर येतो. रविवारची रात्र त्याची.

४. पाळ्या कोणत्या दिशेने सरकतात ते पाहा

माणसाच्या शरीरातलं घड्याळ चोवीस तासांहून काही मिनिटांनी लांब चालतं. त्यामुळे उशिरा झोपणं शरीराला जमतं, लवकर झोपणं जमत नाही. सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा पुढे सरकणाऱ्या पाळ्या तुलनेने सोसतात. रात्रीवरून दुपारी, दुपारवरून पहाटे अशा उलट्या सरकणाऱ्या पाळ्या तेवढ्याच तासांच्या असूनही अंगावर येतात. उलट्या क्रमात दोन ड्युट्यांमधलं अंतरही दर वेळी आक्रसत जातं. तुमच्या कागदावर साइन ऑनच्या वेळा ओळीने वाचा. आकडे वाढत जातात की घटत, एवढंच बघायचं.

असा बदल किती महागात पडू शकतो याची नोंद अमेरिकेच्या परिवहन सुरक्षा मंडळाच्या अहवालात आहे. १ डिसेंबर २०१३ ला न्यूयॉर्कमधल्या स्पायटन डायव्हिल इथल्या वळणावर सकाळी सव्वासातनंतर एक प्रवासी गाडी रुळांवरून उतरली आणि चार जण गेले. वळणावर मर्यादा ताशी ३० मैल, गाडी होती ८२ मैलांवर. चालकाला डुलकी लागली होती. त्याला झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार होता, जो तोवर कोणी तपासलाच नव्हता. आणि अपघाताच्या थोडेच दिवस आधी तो दुपारनंतरच्या पाळीवरून पहाटेच्या पाळीवर आला होता. ड्युटीचे तास त्याने ओलांडले नव्हते.

पाळी बदलली की पहिले काही दिवस स्वतःकडे संशयाने पाहा. घरचे मोठे बेत त्या आठवड्यात ठेवू नका.

५. झोप आधी आखा, बाकीचं तिच्याभोवती बसवा

रात्रपाळी सगळ्यांना दिसते, म्हणून तिच्याबद्दल सगळे बोलतात. मला विचाराल तर नव्याला जास्त पोखरते ती पहाटेची पाळी. रात्रपाळीनंतर निदान सगळे मान्य करतात की हा माणूस दमलाय. पहाटे चारच्या साइन ऑनला मात्र 'दुपारी बारालाच सुटतोस की' असं ऐकावं लागतं. नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास शरीर चांगलंच जागं असतं; अकराला झोपणारा माणूस आठला आडवा झाला तर छताकडे बघत पडतो. साइन ऑन जितकं अलीकडे येतं, तेवढी झोप कापली जाते, कारण झोपायची वेळ तेवढी अलीकडे सरकत नाही. पहाटेच्या लागोपाठ पाळ्या असतील तर दुपारी सुटल्यावर झोपण्याची जागा राखून ठेवा, आणि ती झोप दीड तासाच्या आत संपवा, नाहीतर रात्रीची जाते.

रात्रपाळीला जाण्याआधी दुपारी किंवा संध्याकाळी झोपून घ्या. सकाळी सातला उठून रात्री दहाला साइन ऑन केलं तर पहाटे चारला तुम्ही २१ तास जागे असता. १९९७ मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात १७ तास सलग जागलेल्या माणसांची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतकी उतरलेली आढळली. २४ तासांना ती सुमारे ०.१० टक्क्यांच्या पातळीला गेली. साइन ऑन करताना श्वासाची चाचणी शून्य दाखवते. पहाटे चारला ती चाचणी कोणी घेत नाही.

रात्रपाळीनंतरची दिवसाची झोप बहुधा पाच-सहा तासांत मोडते. ती लांबवायला तीन गोष्टी उपयोगी पडतात: खोलीत खरा अंधार (जाड पडदे, दाराखालच्या फटीला कापड), घरी परतताना डोळ्यांवर ऊन कमी येईल अशी काळजी, आणि चहा-कॉफी झोपेच्या सहा तास आधी बंद. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच तासांनंतरही शरीरात असतं.

मधल्या वेळात डुलकी घ्यायची परवानगी असेल तर वीस-पंचवीस मिनिटांची घ्या आणि उठल्यावर लगेच हँडलला हात लावू नका. झोपेतून उठल्यावर पहिली पंधरा ते तीस मिनिटं डोकं जागेवर नसतं. बाहेरगावच्या विश्रांतीत कॉल आल्यापासून साइन ऑनपर्यंतचा वेळ वापरून घ्यायचा तो याच कारणासाठी.

६. बाहेरगावची विश्रांती

रनिंग रूममधले (चालकांच्या बाहेरगावच्या विश्रामगृहातले) आठ तास म्हणजे आठ तास झोप नव्हे. कोणाचा तरी कॉल येतो, दार वाजतं, शेजारच्या खाटेवरचा घोरतो. कानात घालायचे बोळे, डोळ्यांवरची पट्टी आणि स्वतःची चादर पिशवीत कायम ठेवा. पोहोचल्यावर आधी झोपा, मग फोन. घरच्यांना बोलण्याची एक ठरावीक वेळ सांगून ठेवली की तेही काळजी करत बसत नाहीत.

७. रोस्टर घरात सगळ्यांसमोर ठेवा

चालकाच्या घरात सर्वांत जास्त भांडणं वेळेवरून होत नाहीत, वेळ न कळण्यावरून होतात. खुणा केलेला कागद सगळ्यांना दिसेल अशा भिंतीवर लावा. ड्युटीबरोबर झोपेची वेळही त्यावर लिहा, कारण 'दुपारी घरी' एवढंच वाचणारा माणूस तुम्ही रिकामे आहात असंच समजणार. झोपेच्या वेळेत उठवायचं कधी, हेही आधी ठरवा: आजारपण, अपघात, कॉल. कुरिअर आणि नातेवाइकांचा फोन त्यात येत नाही.

जोडीदारही नोकरी करत असेल तर दोघांचं वेळापत्रक एकाच कागदावर हवं. तुमच्या बाहेरगावच्या रात्री आणि पहाटेच्या पाळ्या त्यांच्या जबाबदाऱ्यांवर किती वेळा पडतात ते मोजा. हा आकडा काढला की घरकामाची बोलणी 'तू कधीच नसतेस' किंवा 'तुला कशाचंच काही नाही' या वळणावर जात नाहीत. कॉलवरच्या माणसाने मात्र वेळेची आश्वासनं देऊच नयेत. मुलांना शाळेत सोडणं, औषध देणं अशी वेळेला बांधलेली कामं स्वतःकडे न घेता बिलं, दुरुस्त्या, बाजार अशी सरकवता येणारी कामं पूर्णपणे अंगावर घ्या. अर्धवट मदतीपेक्षा हे घरच्यांना जास्त उपयोगी पडतं.

समारंभाचं असं असतं की तारीख घरच्यांना सहा महिने आधी माहीत असते आणि चालकाला रजेचा अर्ज आठवतो पंधरा दिवस आधी. वर्षातल्या चुकवायच्याच नाहीत अशा पाच-सहा तारखा एकत्र बसून काढा, त्यांचे अर्ज खिडकी उघडताच टाका, आणि बाकीच्या तारखांना आपण नसू हे स्वच्छ सांगा. रजा नाकारली गेली तर अदलाबदल. सहकाऱ्याच्या अडचणीला तुम्ही कधी उभे राहिला असाल तरच ती मिळते, म्हणून पहिल्या वर्षात दोन-चार वेळा दुसऱ्याची पाळी घ्या. पण अदलाबदल करताना मधल्या विश्रांतीचे तास मोजायला विसरू नका. सोयीच्या अदलाबदलीतून घातक जोड-पाळ्या तयार होतात.

आणि सुट्टीच्या दिवसाचे दोन तुकडे करा. पहिला झोपेचा, त्यावर कोणाचा हक्क नाही. दुसरा घरच्यांचा, त्यावर झोपेचा हक्क नाही. सगळा दिवस सोफ्यावर पेंगत काढला की झोपही होत नाही आणि सोबतही होत नाही.

८. सुट्टीच्या दिवशी कामाला हो म्हणण्याआधी

माणसं कमी आहेत, याल का? हा फोन येणारच. जादा पैसे मिळतात, वरिष्ठांशी संबंध नीट राहतात, आणि नव्याला नकार जड जातो. ब्रिटनमध्ये अनेक कंपन्यांत चालकांचा करार सरासरी ३५ तासांचा, चार दिवसांच्या आठवड्याचा आहे. तरी तिथल्या बऱ्याच गाड्या चालक स्वेच्छेने सुट्टीच्या दिवशी कामावर येतात म्हणून धावतात, आणि ते आले नाहीत की रद्द होतात. म्हणजे चांगला करार असूनही जादा कामाची सवय रोस्टरमध्ये मुरू शकते.

धोका पैशांच्या बाजूनेच येतो. पहिले तीन-चार महिने जादा पैसे मिळाले की त्यावर कर्जाचा हप्ता बसवला जातो. त्यानंतर सुट्टी तुमची राहत नाही, हप्त्याची होते. घर किंवा गाडी घ्यायची असेल तर हप्ता मूळ पगारावर बसतो का ते बघा. बाहेरगावचे भत्ते आणि जादा काम त्या हिशेबात धरूच नका.

मर्यादा आधीच ठरवा. सोपी अशी: बरोबरच्या खुणांची जोडी मोडत असेल तर नाही, जोडी शाबूत राहत असेल तर महिन्यातून एखाद्या वेळी हो. नकार देताना कारणांची यादी देऊ नका. 'माझी विश्रांती पूर्ण झालेली नाही' हे वाक्य पुरेसं आहे, आणि त्यावर वाद घालणं समोरच्यालाही अडचणीचं जातं.

९. झेपत नसेल तर सांगा, लेखी सांगा

इंजिनात सतर्कता यंत्रणा असते; ठरावीक वेळात चालकाने काही हालचाल केली नाही की ती आधी इशारा देते, मग ब्रेक लावते. तिच्यावर भिस्त ठेवू नका. अर्धवट झोपेतही बटण दाबण्याची हाताला सवय होते, हे जुने लोक तुम्हाला खासगीत सांगतील. २६ फेब्रुवारी २००३ ला जपानमध्ये सान्यो शिंकानसेनचा चालक सुमारे आठ मिनिटं झोपला होता आणि गाडी ताशी २७० किलोमीटरच्या आसपास धावत होती. स्वयंचलित नियंत्रणाने ती ओकायामा स्थानकात थांबवली, म्हणून कोणाला इजा झाली नाही. त्यालाही झोपेत श्वास अडकण्याचाच विकार निघाला.

घोरणं मोठं असेल, आठ तास झोपूनही सकाळी डोकं दुखत असेल, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. नोकरी जाईल या भीतीने पुष्कळ जण हे लपवतात. या विकारावर उपचार आहेत आणि ते घेऊन कामावर परतता येतं. सर्दीच्या साध्या गोळ्यांनीही गुंगी येते, तेव्हा कोणतंही औषध घेण्याआधी रेल्वेच्या डॉक्टरला विचारा.

विश्रांती अपुरी असताना साइन ऑन करावं लागत असेल तर ते साइन ऑनच्या आधी सांगा. गाडी सुटल्यावर सांगून उपयोग नाही. नोंदवहीत किंवा अॅपमध्ये तास लिहा, मागच्या साइन ऑफची वेळ लिहा आणि स्वतःकडे प्रत ठेवा. तोंडी तक्रारीची आठवण संध्याकाळपर्यंत कोणालाच राहत नाही. वेळा खोट्या लिहायला कोणी सुचवलं, म्हणजे दहा मिनिटं अलीकडे साइन ऑफ दाखव वगैरे, तर साफ नकार द्या. उद्या काही झालं तर त्या वहीतली सही तुमची असणार.

१०. सहा महिन्यांनी लिंक बदलायची का, ते ठरवा

रोज तीन आकडे डायरीत टाका: किती तास झोप, रात्र घरी की बाहेर, आणि घरच्यांबरोबर जागेपणी किती तास. सहा महिन्यांनी हा कागद पहिल्या दिवशीच्या पेन्सिलच्या खुणांशेजारी ठेवा. जिथे खूण बरोबरची होती आणि प्रत्यक्षात रात्र मिळाली नाही, तिथे का नाही मिळाली ते बघा. गाडी उशिरा येत होती, कॉल लवकर येत होता, की तुम्हीच जादा कामाला हो म्हणत होतात? पहिल्या दोन कारणांसाठी संघटनेच्या प्रतिनिधीकडे किंवा रोस्टर बनवणाऱ्याकडे तारखांसकट जा. 'फार त्रास होतो' यावर कोणी काही करत नाही. 'या गाडीचं साइन ऑफ कागदावर रात्री दहाला आहे आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा साडेअकराला होतं' यावर लिंक दुरुस्त झाल्याची उदाहरणं आहेत.

बदली मागताना फक्त जास्त सुट्ट्यांची किंवा जास्त भत्त्याची लिंक मागू नका. शटल किंवा लोकलच्या लिंकमध्ये बाहेरगावच्या रात्री कमी असतात, पण पहाटेच्या फुल्या जास्त असतात. लांब पल्ल्याच्या गाड्यांत रेघा जास्त, पण परतल्यावरचे तास सलग मिळतात. मुलं लहान असताना एक परवडतं, आईवडील आजारी असताना दुसरं. लिंकच्या अर्जांची मुदत वर्षातून ठरावीक वेळीच उघडते, तेव्हा ती तारीख कार्यालयातून आजच विचारून घ्या आणि भिंतीवरच्या कागदावर लिहून ठेवा.